प्रतिनायकाचे देहान्तर : 'डॉक्टर हू' मालिकेतील मास्टर

१

रंगभूमीवरील एखादी प्रसिद्ध भूमिका नव्या नटाने स्वीकारली म्हणजे रसिकांच्या मनात तुलना सुरू होते. परंतु ती भूमिका मुळात कोणाची, असा प्रश्न सहसा उद्भवत नाही. इयागो हे पात्र कोणत्याही एका नटाचे नाही. संहिता नटाच्या आधी सिद्ध असते आणि प्रत्येक नट हा तिचा एक भाष्यकार असतो. रामलीलेतील रावणाचीही हीच गोष्ट. दर वर्षी नवा माणूस दहा तोंडांचा मुखवटा चढवितो, तरी रावण बदलला असे कोणी म्हणत नाही.

दूरचित्रवाणीवरील मालिकेची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे संहिता पूर्ण झालेली नसते. ती प्रसारणाबरोबर लिहिली जात असते. लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, आणि नटाचा आवाज, त्याची नजर, त्याच्या लकबी यांचा अंदाज घेऊनच पुढचे प्रसंग रचले जातात. त्यामुळे पात्र आणि नट एकमेकांत इतके मिसळून जातात, की नट दूर झाल्यावर पात्र म्हणून नेमके काय शिल्लक राहते, हे सांगणे अवघड होते. हा प्रश्न नायकापेक्षा प्रतिनायकाच्या बाबतीत अधिक तीव्र आहे. नायकाची ओळख त्याच्या कार्यावरून पटते. खलपुरुषाची ओळख मात्र पुष्कळदा एखाद्या हास्यावर, दाढीच्या ठेवणीवर किंवा स्वराच्या चढउतारावर टेकलेली असते.

या प्रश्नाच्या अभ्यासाला ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेतील 'मास्टर' या प्रतिनायकाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. १९७१ पासून २०२२ पर्यंत अनेक नटांनी आणि एका नटीने ही भूमिका केली. त्यांतील काहींनी पूर्वसूरींचे अनुकरण केले, काहींनी भूमिकेचा नवा अर्थ लावला. या दोन प्रकारांतील भेद कशात आहे, आणि चेहरा, वय, लिंग व वंश बदलूनही पात्र तेच आहे असे प्रेक्षक कशाच्या आधारे मानतात, हे पाहणे हा येथील विचाराचा विषय आहे.

२

बी.बी.सी.वर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौ येथे जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले होते. 'डॉक्टर' म्हणविणारा, काळात आणि अवकाशात संचार करणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. १९६६ साली पहिले नायक विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांना आणण्यात आले. त्या वेळी निर्मात्यांनी नटाचा बदल लपविला नाही. तो कथेचाच भाग केला. जराजर्जर डॉक्टर कोसळतो आणि त्याच देहाच्या जागी नवा देह, नवा स्वभाव प्रकट होतो. या घटनेला १९७४ पासून मालिकेत जे नाव रूढ झाले, त्याचा आशय मराठीत 'नवदेहधारणा' या शब्दाने सांगता येईल.

ही कल्पना भारतीय वाचकाला पुनर्जन्माची आठवण करून देईल. पण दोहोंत महत्त्वाचे अंतर आहे. पुनर्जन्मात पूर्वस्मृती सामान्यतः लुप्त होते आणि नवा जन्म हा पूर्वकर्माचे फळ असतो. नवदेहधारणेत स्मृती अखंड राहते, कर्मफलाचा संबंध नसतो. बदलतो तो केवळ देह आणि त्याबरोबर स्वभावाचा रंग. १९७६ साली या शक्तीला मर्यादाही घालण्यात आली : डॉक्टरच्या ज्ञातीतील व्यक्तीला, म्हणजे कालाधिपतीला, हा बदल बारा वेळाच शक्य आहे. मास्टर हा त्याच ज्ञातीचा. त्याने आपले बारा बदल संपविल्यावर जो मार्ग पत्करला, तो आपल्या परंपरेत 'परकायाप्रवेश' या नावाने ओळखला जातो. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा सर्वश्रुत आहे. मास्टर मात्र जिवंत माणसाचा देह बळकावतो. म्हणजे नट बदलण्यासाठी या पात्राला दोन वाटा उपलब्ध आहेत : एक स्वतःच्या देहाच्या नूतनीकरणाची आणि दुसरी परक्याच्या देहाच्या अपहरणाची.

३

मास्टरची निर्मिती निर्माते बॅरी लेट्स आणि संहिता-संपादक टेरन्स डिक्स यांनी केली. शेरलॉक होम्सला जसा मॉरिआर्टी, तसा डॉक्टरला तुल्यबळ शत्रू असावा, ही त्यामागील कल्पना होती. नावातही तोच तोल साधला आहे. 'डॉक्टर' ही जशी विद्यापीठीय पदवी, तशीच 'मास्टर' हीही. शिवाय दुसऱ्या शब्दात स्वामित्वाचा अर्थ गर्भित आहे. मराठीत 'मास्तर' हा शब्द शाळेच्या छडीपाशी येऊन थांबल्यामुळे हा अर्थ थोडा झाकला जातो. परंतु इतरांच्या मनावर हुकमत गाजविणे हेच या पात्राचे मूळ शस्त्र आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नावाची योग्यता पटते.

जानेवारी १९७१ मध्ये रॉबर्ट होम्स यांनी लिहिलेल्या कथेतून रॉजर डेलगाडो यांनी हे पात्र प्रथम साकार केले. लंडनमध्ये जन्मलेल्या या नटाचे वडील स्पॅनिश आणि आई बेल्जियन होती. चेहरेपट्टीमुळे ब्रिटिश चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर त्यांच्या वाट्याला वारंवार परदेशी खलपुरुषांच्या भूमिका येत. डेलगाडो यांनी मास्टरला जे रूप दिले, त्यात आरडाओरडा नव्हता. नीटस कातरलेली दाढी, काळा पोशाख, मृदू स्वर, सभ्य माणसाचा शिष्टाचार. आणि या शिष्टाचाराच्या आड निखळ क्रौर्य. पहिल्याच कथेत तो एका शास्त्रज्ञाला आकुंचित करून ठार मारतो आणि त्याचे बाहुलीएवढे कलेवर त्याच्याच जेवणाच्या डब्यात ठेवून जातो. हा विनोद आहे आणि खूनही आहे.

धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायकाचे लक्षण लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापकर्मी आणि व्यसनी शत्रू असे सांगितले आहे. त्यावरील टीकेत धनिकाने राम व युधिष्ठिर यांचे प्रतिनायक म्हणून रावण व दुर्योधन यांची उदाहरणे दिली आहेत. डेलगाडो यांचा मास्टर या लक्षणात बसतो. पण त्याचे खरे मर्म दंडीच्या एका विधानाने अधिक उलगडते. शत्रूचेही कुल, शौर्य आणि विद्या यांचे वर्णन करून मग त्याच्यावरील विजयाने नायकाचा उत्कर्ष दाखवावा, ही रीत 'काव्यादर्श'कार दंडीला विशेष भावते. मास्टर हा डॉक्टरच्याच कुलाचा, त्याच्याच विद्येचा. १९७२ सालच्या एका कथेत तर डॉक्टर सांगतो, की हा एके काळी आपला अतिशय जवळचा मित्र होता. त्याआधी १९७१ मध्ये मास्टरने डॉक्टरपुढे विश्वाच्या राज्यात भागीदारीचा प्रस्ताव ठेवलेला असतो. ज्याला केवळ नाश हवा, तो भागीदार शोधत नाही. डॉक्टरने आपल्यासारखे व्हावे, ही मास्टरची इच्छा येथे प्रथम स्पष्ट होते, आणि पुढील सर्व पुनर्व्याख्यांचे बीज याच इच्छेत आहे.

१९७२ च्या त्याच कथेत कैदेत असलेला मास्टर दूरचित्रवाणीवर लहान मुलांचा 'क्लँगर्स' हा बाहुल्यांचा कार्यक्रम तन्मयतेने पाहताना दिसतो. कथानकाच्या दृष्टीने या क्षणाला काही महत्त्व नाही. पण प्रतिनायकाला कंटाळा येऊ शकतो, त्याला कुतूहल असते, तो एकटा असतो, हे तो क्षण सांगून जातो.

आठ कथांनंतर, जून १९७३ मध्ये, तुर्कस्तानात चित्रीकरणाच्या कामावर असताना मोटार-अपघातात डेलगाडो यांचे निधन झाले. मास्टरचा शेवट एका संदिग्ध आत्मबलिदानात करावा, असा निर्मात्यांचा विचार होता. डॉक्टरला वाचविण्यासाठी तो मेला की आपल्याच डावात सापडला, हे अनिश्चित राहणार होते. ती कथा कधीच झाली नाही. पात्र उरले, नट गेला, आणि शेवट कर्ज म्हणून मागे राहिला.

४

१९७६ साली रॉबर्ट होम्स यांनी मास्टरला परत आणले, तेव्हा त्यांनी डेलगाडो यांच्या जागी तसाच दिसणारा दुसरा नट शोधण्याचे टाळले. पीटर प्रॅट यांनी मुखवट्याआड साकारलेला हा मास्टर सडलेल्या देहाचा, डोळे बाहेर आलेला, केवळ द्वेषाच्या बळावर तग धरून राहिलेला आहे. मास्टरचे सौंदर्य आणि शिष्टाचार काढून घेतल्यावर काय उरते, याचे हे निष्ठुर उत्तर होते. उरतो तो फक्त जगण्याचा हट्ट.

१९८१ मध्ये हे जीर्ण रूप जेफ्री बीव्हर्स यांनी वठविले, आणि त्याच कथेच्या शेवटी मास्टर ट्रेमास नावाच्या एका सज्जन पुरुषाचा देह बळकावतो. ट्रेमास हे नाव रोमन लिपीत 'मास्टर' याच अक्षरांची फिरवाफिरव करून बनलेले आहे. अँथनी एन्ली यांनी प्रथम ट्रेमास आणि मग मास्टर अशी ही दुहेरी भूमिका केली. येथे एक विलक्षण विसंगती उद्भवते. देह परक्याचा, पण अपहरणाच्या क्षणी तो पालटून, काळी दाढी व काळा पोशाख यांसह, डेलगाडो यांच्या मास्टरसारखा दिसू लागतो. कथेत याचे कारण दिलेले नाही, आणि देताही आले नसते. ते कारण कथेबाहेर, प्रेक्षकांच्या स्मृतीत होते.

१९८१ ते १९८९ एन्ली यांनी ही भूमिका निष्ठेने केली. त्यांचे कुत्सित हास्य आणि उच्चारांतील लोभस दुष्टपणा यांना स्वतःचे चाहते लाभले. तरीही हा काळ पुनर्व्याख्येचा नसून अनुकरणाचा आहे, असे म्हणावे लागते. अनुकरणाचा दोष नटाच्या कौशल्यात शोधणे अन्यायाचे होईल. या अवधीत डॉक्टर तीन वेळा बदलला. टॉम बेकर, पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मकॉय हे चौघे स्वभावाने एकमेकांपासून अगदी भिन्न. मास्टर मात्र तोच राहिला. डेलगाडो यांचा मास्टर हा जॉन पर्टवी यांच्या रुबाबदार, अधिकारवाणीने बोलणाऱ्या डॉक्टरचे प्रतिबिंब होता. बिंब बदलले आणि प्रतिबिंब स्थिर राहिले, तेव्हा आरसा तसबीर झाला. मास्टर वेषांतर करून येई, कट रची, हरे आणि निसटे. पण त्याचे डॉक्टरशी नेमके काय नाते आहे, हे सांगण्याची गरज कथांना उरली नव्हती.

१९८९ सालची शेवटची कथा याला अपवाद आहे. एका जंगली ग्रहाच्या प्रभावाने मास्टर हळूहळू पशू बनत चालला आहे आणि आपल्यातील पशूशी झगडत आहे. एन्ली येथे हास्य आवरतात, स्वर खाली आणतात, आणि अनुकरणाखालून एक स्वतंत्र नट डोकावतो. परंतु डिसेंबर १९८९ मध्ये मालिकाच थांबली. १९९६ च्या दूरचित्रवाणी-चित्रपटात एरिक रॉबर्ट्स यांनी रुग्णवाहिकेच्या चालकाचा देह घेतलेला अमेरिकी मास्टर रंगविला. त्यात भडकपणा होता. विचार थोडा होता. अपहरणाच्या वाटेने आलेले हे दोन्ही मास्टर नवा देह मिळवूनही नवे होऊ शकले नाहीत, हा योगायोग असला तरी सूचक आहे.

५

मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जून २००७ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मास्टरला परत आणले. या वेळी वाट नवदेहधारणेची होती. प्रथम डेरेक जेकोबी हे प्राध्यापक याना या वृद्ध, दयाळू शास्त्रज्ञाच्या रूपात येतात. आपण मास्टर आहोत हे त्यालाच ठाऊक नसते; त्याची खरी ओळख एका बंद घड्याळात साठविलेली असते. घड्याळ उघडते आणि डोळ्यांतली करुणा क्षणात विझते. काही मिनिटांतच तो जॉन सिम यांच्या तरुण रूपात बदलतो. मास्टर तर उघड सांगतो, की डॉक्टर तरुण व बळकट होऊ शकतो तर आपणही होऊ. नव्या नटाच्या निवडीचे कारण पात्राच्याच मुखातून आले. डेव्हिड टेनंट यांचा डॉक्टर चपळ, बोलका, उत्साहाने फसफसणारा. सिम यांचा मास्टरही तसाच, फक्त उत्साहाच्या जागी उन्माद. एन्ली यांच्या काळात हरवलेले बिंब-प्रतिबिंबाचे नाते येथे पुन्हा जुळते.

सिम यांनी डेलगाडो यांची एकही लकब उचलली नाही. तरी पूर्वपरंपरेचे ऋण एका प्रसंगात मान्य केले आहे. हॅरल्ड सॅक्सन या नावाने ब्रिटनचा पंतप्रधान झालेला हा मास्टर 'टेलिटबीज' हा बालकांचा कार्यक्रम कौतुकाने पाहत असतो. १९७२ मधील 'क्लँगर्स'ची ही आठवण आहे. लकबीचे अनुकरण आणि प्रसंगाचे स्मरण यांतील फरक येथे दिसतो. अनुकरण म्हणते, मी तोच आहे. स्मरण म्हणते, मी त्याच्यानंतरचा आहे.

या रूपाची वादग्रस्त बाजू म्हणजे दुष्टतेची कारणमीमांसा. बालपणी काळाच्या विवरात डोकावल्यापासून मास्टरच्या मस्तकात नगाऱ्याचे ठोके अखंड घुमत आहेत आणि त्यांनी त्याला वेडे केले, असे सांगितले जाते. २००९-१० च्या कथेत ते ठोके त्याच्याच ज्ञातीच्या सत्ताधाऱ्यांनी स्वार्थासाठी पेरले होते असे उघड होते. त्यामुळे मास्टरविषयी करुणा उत्पन्न होते. पण किंमतही मोजावी लागते. दोष बाहेरून आला असेल, तर निवड कोणाची? दुर्योधनाला धर्म कळत नव्हता म्हणून तो अधर्माने वागला असे महाभारताने दाखविले असते, तर त्याची शोकात्मता ओसरली असती. सिम यांच्या अभिनयाने ही उणीव पुष्कळशी झाकली. विशेषतः २००७ च्या अखेरीस, पत्नीच्या गोळीने घायाळ झालेला मास्टर डॉक्टरच्या विनवण्या धुडकावून नवा देह धारण करण्यास नकार देतो आणि डॉक्टरच्याच बाहूंत प्राण सोडतो. जगण्याचा हट्ट हे १९७६ मध्ये ज्याचे एकमेव लक्षण उरले होते, तो येथे केवळ डॉक्टरला एकटे पाडण्यासाठी मरण पत्करतो. यातील निवड सर्वस्वी त्याची आहे. तिथे नगारा वाजत नाही.

६

२०१४ मध्ये स्टीव्हन मॉफट यांनी मिशेल गोमेझ यांच्या रूपाने मास्टरला स्त्रीदेह दिला. 'मिसी' हे नाव मास्टरच्या स्त्रीलिंगी रूपाचाच संक्षेप. त्या वेळी चर्चा मुख्यतः लिंगबदलाची झाली. परंतु या रूपाचे महत्त्व केवळ त्यात नाही. मिसी पीटर कपाल्डी यांच्या डॉक्टरला मृतांतून उभारलेली सायबरमनांची फौज वाढदिवसाची भेट म्हणून देऊ करते. विश्व जिंकणे हा हेतू नाही. डॉक्टरच्या हाती अमर्याद शक्ती आली की तो आपल्यासारखाच निघेल आणि दोघांची मैत्री पुन्हा जुळेल, हा हेतू. १९७१ मधील भागीदारीचा प्रस्ताव त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा मांडला गेला; फरक एवढाच, की तेव्हा राज्य हे साध्य होते आणि मैत्री ओघाने आली होती, आता मैत्री हे साध्य झाले.

भारतीय वाचकाला येथे जय-विजयांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वैकुंठाच्या या द्वारपालांना शाप झाला, तेव्हा सात जन्म भक्त होण्यापेक्षा तीन जन्म वैरी होणे त्यांनी पत्करले, कारण वैराने वियोग लवकर संपतो, अशी कथा लोकांत रूढ आहे. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र ही त्यांची तीन रूपे. वैर हाही सान्निध्याचा एक प्रकार असतो, ही त्या कथेतील अंतर्दृष्टी मिसीच्या रूपाला लागू पडते. मात्र साम्य तेथेच थांबते. जय-विजयांना आपले मूळ पद परत मिळणार हे निश्चित असते. मिसीला असा कोणताही शब्द कोणी दिलेला नाही.

२०१७ च्या कथांत मिसी एका कोठडीत डॉक्टरच्या देखरेखीखाली आहे आणि सुधारण्याचा प्रयत्न करते आहे. जून-जुलै २०१७ मध्ये प्रसारित झालेल्या शेवटच्या दोन भागांत जॉन सिम यांचा पूर्वीचा मास्टर परत येतो. दोन नट एकच व्यक्ती म्हणून एकाच प्रसंगात समोरासमोर उभे राहतात. रंगभूमीवर दोन इयागो एकत्र येत नाहीत; पुनर्व्याख्येचा असा प्रत्यक्ष संवाद या माध्यमातच शक्य झाला. पूर्वीच्या मास्टरला पुढची मिसी सहन होत नाही. डॉक्टरच्या बाजूने उभे राहण्याचे ठरवून ती त्याला भोसकते. तो तिच्या पाठीवर अस्त्र चालवितो. दोघेही हसत मरतात. डॉक्टरला मात्र यातले काहीच कळत नाही. ती आपल्याला सोडून गेली, अशीच त्याची समजूत राहते.

कोणी साक्षीदार नसताना, कोणतेही फळ मिळणार नसताना केलेले सत्कृत्य हाच सद्‌गुणाचा अंतिम निकष, असा या प्रसंगाचा अर्थ आहे. १९७३ मध्ये न लिहिली गेलेली ती संदिग्ध बलिदानाची कथा येथे जणू वेगळ्या देहाने पूर्ण झाली. मागे राहिलेले कर्ज चव्वेचाळीस वर्षांनी एका स्त्री-नटाने फेडले.

७

१ जानेवारी २०२० रोजी साचा धवन हे मास्टर म्हणून प्रकटले. भारतीय वंशाच्या या ब्रिटिश नटाने २०१३ मध्ये मालिकेच्या जन्मकथेवरील नाट्यात वारिस हुसेन यांची भूमिका केली होती. त्यांचा मास्टर प्रथम एका निरुपद्रवी माजी गुप्तचर-विश्लेषकाच्या रूपात येतो. खरे रूप उघड करताना तो एक काडेपेटी दाखवितो. तिच्यात खरा विश्लेषक आकुंचित अवस्थेत पडलेला असतो. १९७१ चा जेवणाचा डबा आणि २०२० ची काडेपेटी यांच्यामध्ये अर्धशतकाचे अंतर आहे. पण मिसीने मिळविलेले परिवर्तन या मास्टरमध्ये कोठेच दिसत नाही आणि ते का हरपले याचा दुवा कथेत स्पष्ट केलेला नाही. प्रेक्षकांना ही त्रुटी जाणवली, आणि ती खरीही आहे.

या कथेच्या ५ जानेवारी २०२० रोजी प्रसारित झालेल्या दुसऱ्या भागात पुनर्व्याख्येचा सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. स्थळ १९४३ मधील नाझीव्याप्त पॅरिस. मास्टर जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशात वावरतो. त्याचा वर्ण नाझींच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याने दृष्टिभ्रमाचे एक यंत्र वापरले आहे. त्याला अडकविण्यासाठी डॉक्टर, म्हणजे जोडी व्हिटकर, ते यंत्र निकामी करते आणि तो ब्रिटिशांचा हस्तक असल्याचा खोटा संदेश शत्रूच्या हाती पडू देते. नाझी सैनिक आता त्याचा खरा चेहरा पाहतात. श्वेतवर्णी नायिकेने श्यामवर्णी पुरुषाला वंशद्वेष्ट्यांच्या स्वाधीन करावे, यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. डेलगाडो किंवा सिम यांच्या बाबतीत हा प्रसंग लिहिताच आला नसता. नव्या नटाबरोबर केवळ नवा चेहरा येत नाही. त्या चेहऱ्याने जगात भोगलेला इतिहासही येतो. लेखकाने तो विचारात घेतला नाही, तर तो इतिहास लेखकाच्या हेतूला न जुमानता बोलू लागतो.

विशेष म्हणजे याच भागात खोटा संदेश पाठविणारी व्यक्ती आहे नूर इनायत खान. मॉस्को येथे १९१४ मध्ये जन्मलेली ही ब्रिटिश हेर-बिनतारीचालक १९४४ साली डाखाउ येथे मारली गेली. तिचे वडील हजरत इनायत खान हे गायकवाडांच्या बडोद्यात वाढलेले सूफी संगीतज्ञ. ज्या राजवटीत एका भारतीय वंशाच्या स्त्रीचा प्रत्यक्षात बळी गेला, तिच्याच यंत्रणेकडे भारतीय वंशाच्या खलपुरुषाला सोपविण्यात नायिका नूरचेच साहाय्य घेते. कथेला या विसंगतीचे पुरेसे भान नाही.

तुलनेसाठी दुसऱ्या मालिकेतील खान नूनियन सिंग हे पात्र पाहण्यासारखे आहे. 'स्टार ट्रेक'च्या १९६७ मधील कथेत तो उत्तर भारतातील, बहुधा शीख, असल्याचा तर्क केला जातो. भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांनी केली, आणि १९८२ च्या चित्रपटातही तेच होते. २०१३ च्या चित्रपटात ही भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गौरवर्णी इंग्रज नटाकडे गेली आणि पात्राचा वंश पुसला गेल्याचा आक्षेप घेतला गेला. खानच्या बाबतीत नावात वंश आहे आणि देहात नाही; धवन यांच्या मास्टरच्या बाबतीत नावात वंश नाही आणि देहात आहे. दोन्ही ठिकाणी देह हे निव्वळ पात्र नसते, हेच सिद्ध होते.

धवन यांच्या मास्टरचा अंतःस्वभाव मात्र मार्च २०२० आणि ऑक्टोबर २०२२ च्या कथांत प्रकट होतो. आपल्या ज्ञातीची नवदेहधारणेची शक्ती मुळात डॉक्टरपासून घेतलेली आहे, हे त्याला कळते. आपण जितके देह बदलले, त्या प्रत्येकात त्या वैऱ्याचा अंश होता, ही जाणीव त्याला असह्य होते. या क्षोभात त्याने आपला ग्रहच उद्ध्वस्त केलेला असतो. २०२२ मध्ये तो डॉक्टरला बळजबरीने आपल्या रूपात बदलायला लावतो, डॉक्टरचे नाव घेतो आणि पूर्वीच्या डॉक्टरांच्या पोशाखांतील तुकडे अंगावर चढवितो. डेलगाडो यांच्या मास्टरला डॉक्टरने आपल्यासारखे व्हावे असे वाटे. या मास्टरला स्वतःच डॉक्टर व्हावेसे वाटते. धवन यांच्या अभिनयात क्रोधाच्या पाठोपाठ रडू येते, ते उगाच नव्हे. येथे द्वेषाचा विषय डॉक्टर नाही, तो स्वतःच आहे.

८

नूर इनायत खानने १९३९ मध्ये वीस जातककथा बालवाचकांसाठी इंग्रजीत सांगितल्या होत्या. मालिकेत त्या पुस्तकाचा उल्लेख नाही. पण मास्टरच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे भारतीय रूप जातकांतच आहे. तेथे बोधिसत्त्वाचा वैरी देवदत्त जन्मोजन्मी निरनिराळ्या देहांत येतो. कधी राजा, कधी पशू. कथेच्या शेवटी बुद्ध सांगतो, की तेव्हाचा तो म्हणजे आताचा देवदत्त. ऐकणाऱ्याला देवदत्त ओळखता येतो तो चेहऱ्यावरून नव्हे, बोधिसत्त्वाशी असलेल्या त्याच्या नात्यावरून.

मास्टरचीही ओळख याच प्रकारे पटते. दाढी, हास्य, काळा पोशाख ही त्याची लक्षणे नव्हेत. ती एका थोर नटाची देणगी होती. ज्यांनी ती देणगी सांभाळली, त्यांनी पात्र जतन केले पण वाढविले नाही. ज्यांनी लकबी सोडून डॉक्टरशी असलेले नाते पुन्हा विचारले, त्यांनी प्रत्येक वेळी त्या नात्यातील एक न उलगडलेली बाजू उघड केली : डेलगाडो यांनी समकक्षता, सिम यांनी सूड म्हणून पत्करलेले मरण, गोमेझ यांनी साक्षीदाराविना केलेले प्रायश्चित्त, धवन यांनी स्वतःविषयीची घृणा. यावरून पुनर्व्याख्येचा एक निकष काढता येतो. नव्या नटामुळे प्रतिनायक वेगळा दिसला, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. त्याच्यामुळे नायकाविषयी आपल्याला काही नवे कळले, तरच ती सिद्ध होते. २०२० च्या पॅरिसमधील प्रसंगानेही नायिकेविषयी काही कळले. फक्त ते कळावे अशी लेखकाची इच्छा नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रसारित झालेल्या भागात मास्टर एका सोन्याच्या दातात कोंडला गेल्याचे सांगितले जाते. त्या भागाच्या शेवटी जमिनीवर पडलेला तो दात नखे रंगविलेला एक हात उचलून घेतो. हात कोणाचा, हे दाखविलेले नाही.